चार टीबीची डिस्क, आणि एक्सपी म्हणतंय १६७८ जीबी

पत्र

सांगलीत खणभागात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असं काम असतं. कॉम्प्युटर २००८ सालचा, त्यावर विंडोज एक्सपी आणि पानं मांडायचं पेजमेकर ७. मराठी फॉन्टचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते फॉन्ट चालत नाहीत ती चावी, मागच्या प्रिंटरच्या लांबट पोर्टला लावलेला आहे. ८० जीबीची जुनी हार्ड डिस्क महिनाभरापासून मधूनच टकटक करते आणि मशीन अर्धा-एक मिनिट गप्प होतं. ‘एकदाच काय ती मोठी घेऊ’ म्हणून मुलानं ऑनलाइन ४ टीबीची डिस्क मागवली. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, तिचं नाव बरोबर येतं, पण एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १६७८.०२ जीबी एवढीच दिसते. रिपेअरवाले म्हणतात, डिस्क डुप्लिकेट आहे. त्यांनी आमची जुनी डिस्क त्यांच्या दुकानातल्या मशीनला लावून बघितली, तर निळा स्क्रीन आला. आता ते म्हणतात, हे सगळं भंगारात घाला आणि नवा कॉम्प्युटर घ्या. मुलगा म्हणतो, १६७८ तर १६७८, फॉरमॅट मारू आणि कामाला लागू. काय करावं?

— एक प्रेसमालक, सांगली

उत्तर

नमस्कार,

फॉरमॅट मारू नका, डिस्क परतही करू नका. आज एवढंच करा की ते जुनं मशीन नीट शटडाउन करा आणि पुढचं सगळं ठरेपर्यंत चालू करू नका. नव्या डिस्कचं कोडं महिनाभर तसंच राहिलं तरी काही बिघडणार नाही. टकटक करणारी जुनी डिस्क मात्र महिनाभर थांबेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि नवीबद्दल दहा. माझ्या मते प्रमाण उलटं हवं होतं.

तरी तुमच्या डोक्यात सध्या १६७८ हाच आकडा फिरत असणार, म्हणून तो आधी निकालात काढू. १६७८ दिसतं म्हणून डिस्क डुप्लिकेट ठरत नाही. एवढं मी डिस्क न बघता सांगू शकतो, कारण हा आकडाच तिच्या बाजूनं साक्ष देतोय.

हार्ड डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या तुकड्यांत मोजतात, त्याला सेक्टर म्हणायचं. ४ टीबीच्या डिस्कवर असे ७८१ कोटी ४० लाख ३७ हजार १६८ सेक्टर असतात. एक्सपी डिस्कवरच्या जागेची नोंद ठेवतं ती एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीनं. ही पद्धत १९८३ साली डॉसबरोबर आली. तिच्यात, आणि त्या काळच्या डिस्क-ड्रायव्हरमध्येही, सेक्टरचा नंबर लिहायला ३२ बिटांची जागा आहे. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढेच वेगवेगळे नंबर बसतात. त्याच्या पुढं मोजायला गेलं, की जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो तसं होतं. आता वजाबाकी करा. ७८१ कोटींच्या त्या आकड्यातून ४२९ कोटींचा हा आकडा वजा केला की ३५१ कोटी ९० लाख ६९ हजार ८७२ सेक्टर उरतात. त्याला ५१२ नं गुणून जीबी काढा. उत्तर येतं १६७८.०२. पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा जुळतात. म्हणजे डिस्क स्वतःची साइज पूर्ण ४ टीबीच सांगतेय. ऐकणाऱ्याचंच गणित तोकडं पडतंय.

मोठी साइज दाखवून आत भलतंच निघणारा माल बाजारात आहे, विशेषतः स्वस्तातल्या पेनड्राइव्हमध्ये, त्यामुळं रिपेअरवाल्यांना शंका आली यात त्यांचं फार चुकलं असं नाही. पण १६७८ हा आकडा त्याचं लक्षण नाही, ते बघणं सोपं आहे. हीच डिस्क मुलाच्या लॅपटॉपला जोडून बघा. तिथल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ३७२६ जीबीच्या आसपास दिसेल. ४००० का नाही, असं विचाराल. बनवणारे हजारा-हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. तुमची ८० ची डिस्कसुद्धा कधी ७४-७५ च्या वर दिसली नसेल.

आता मुलाचं म्हणणं. १६७८ जीबीचं फॉरमॅट मारलं तर ते बहुधा चालेलही, आणि तिथंच धोका आहे. चालतंय म्हणून तुम्ही सगळं काम त्यावर टाकाल. पण ती १६७८ ची समजूत आजच्या कंट्रोलरची आणि आजच्या ड्रायव्हरची आहे. उद्या तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ते मशीन ३७२६ म्हणणार, आणि कुणीतरी ‘बाकीची जागा मोकळी दिसतेय, पार्टिशन वाढवूया’ म्हणून बटण दाबणार. एमबीआरच्या डिस्कवर २.२ टीबीची हद्द ओलांडून लिहायला गेलं आणि नंबर फिरून शून्यावर आला, तर नवी फाइल डिस्कच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे जिथं सगळ्या फाइलींची यादी असते तिथं जाऊन बसू शकते. मग डिस्क चांगली असते, तिच्यावर काय कुठं आहे तेच कुणाला कळत नाही.

यावर उपाय म्हणून जीपीटी नावाची नवी पद्धत आली. तिच्यात सेक्टरचा नंबर ६४ बिटांचा असतो, त्यामुळं ही अडचण उरत नाही. पण आपल्याकडं सगळीकडं दिसतं ते ३२ बिटांचं एक्सपी जीपीटीची डिस्क वाचूच शकत नाही. ते तिच्यावर ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ अशी पाटी दाखवतं आणि गप्प बसतं. काही कंपन्यांनी त्या काळात एक्सपीला मोठी डिस्क वापरता यावी म्हणून खास सॉफ्टवेअर दिलं होतं, जे वरच्या भागाची दुसरी खोटी डिस्क करून दाखवायचं. आजच्या तारखेला त्याच्या नादी लागू नका. ते सॉफ्टवेअर ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी तुमचा अर्धा डेटा कुठल्याच मशीनला दिसणार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा: काम जुन्या मशीनवर राहू द्या, साठा तिथून हलवा. एक्सपीला त्याला झेपेल अशी लहान डिस्क घ्या, आणि ४ टीबीची ही डिस्क मुलाच्या लॅपटॉपवर साठ्यासाठी लावा. पैसे वाया गेलेले नाहीत, डिस्क फक्त चुकीच्या मशीनला जोडली गेली.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन खणांचा यूएसबी डॉक घ्या, साडेतीन इंची डिस्क उभी बसते तो. त्याला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असायला हवा, कारण साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. खोक्यावर ४ टीबी किंवा त्याहून जास्त चालतं असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या. जुन्या डॉकना स्वतःचीच २ टीबीची मर्यादा असते आणि मग तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. या डॉकवर ‘क्लोन’ नावाचं एक बटण असतं. त्यावर आजच चिकटपट्टी लावून टाका. कुठल्या खणातली डिस्क मूळ आणि कुठली कॉपी, हे उलटं झालं तर एका दाबात कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरते. शिवाय आजारी डिस्कवर ते बटण अर्ध्या वाटेत थांबतं.

४ टीबीची डिस्क डॉकमध्ये घालून लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंट उघडलं की विंडोज विचारेल, एमबीआर की जीपीटी? जीपीटी सांगा. मग एकच मोठं एनटीएफएस पार्टिशन करा. एक सावधगिरी: काही डॉक आतल्या आत सेक्टरचा आकार बदलून दाखवतात, त्यामुळं एका डॉकमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यात किंवा थेट मशीनला जोडल्यावर कोरी दिसू शकते. तसं झालं तर घाबरून पुन्हा फॉरमॅट करू नका, मूळ डॉकमध्ये लावून बघा. डॉक आणि डिस्क ही जोडी ठरवून टाका.

आता जुनी डिस्क. तिच्यावर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) चालवायची नाही, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) तर नाहीच. ही दोन्ही कामं डिस्कला खूप पळवतात, आणि आजारी डिस्कवर चेकडिस्कनं ‘दुरुस्त’ केलेली फाइल म्हणजे पुष्कळदा कापलेली फाइल. फ्रीजरमध्ये ठेवून बघा, उघडून बघा, असले सल्ले देणारे भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

बरोबर मार्ग म्हणजे आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत ४ टीबीवर एका मोठ्या फाइलीत काढायची आणि नंतरची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची. यासाठी सिस्टिमरेस्क्यू नावाचं फुकट लिनक्स मिळतं. ते पेनड्राइव्हवर घालून लॅपटॉप त्यावरून चालू करायचा. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो आधी डिस्कचा जेवढा भाग सहज वाचता येतो तेवढा उचलतो, अडणाऱ्या जागा सोडून पुढं जातो आणि शेवटी त्या जागांकडं परत येतो. कमांडमध्ये नोंदीच्या फाइलचं नाव दिलं, की कुठपर्यंत आलो हे तो तिच्यात लिहीत जातो; ती फाइल ४ टीबीवरच ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. ८० जीबीची डिस्क निरोगी असेल तर तास-दीड तासात काम होतं. आजारी असेल तर रात्रभर चालू द्यावं लागेल. मुलाला सांगा, कमांड देण्याआधी कुठली डिस्क कुठली हे दोनदा बघ. तुमच्या बाबतीत एक ८० ची आणि दुसरी ४००० ची, म्हणजे गोंधळाला फारशी जागा नाही, पण मूळ आणि प्रत यांचा क्रम मात्र चुकायला नको.

टकटक सतत यायला लागली आणि डिस्क बायोसमध्येसुद्धा दिसेनाशी झाली, तर तिथंच थांबा. मग ते काम डेटा रिकव्हरीच्या लॅबचं. ते स्वस्त नसतं, पण घरी केलेल्या प्रत्येक प्रयत्नागणिक लॅबच्या यशाची शक्यता कमी होत जाते.

एक छोटी शक्यता राहते. मशीन गप्प होण्याचं कारण कधीकधी डिस्क नसून तिला बोर्डाशी जोडणारी साटाची केबल असते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये १९९ नंबरची ओळ बघा, ती केबलवरच्या चुका मोजते. तिथला आकडा मोठा असेल आणि वाढत असेल तर नवी केबल लावायची. ५ आणि १९७ या ओळींत शून्याऐवजी काही असेल, तर डिस्कच्या पृष्ठभागावरच्या जागा खराब होतायत. तुमच्याकडं टकटक आवाज आहे म्हटल्यावर मला केबलची आशा कमीच वाटते. रिपोर्ट बघा, पण प्रत काढून झाल्यावर.

प्रत हातात आली की मग एक्सपीसाठी नवी डिस्क. ५०० जीबी किंवा १ टीबी घ्या. २ टीबीच्या वर जायचं नाही. छापखान्याचं पेजमेकरचं काम कितीही म्हटलं तरी एवढ्यात आरामात बसतं. दोन गोष्टी विचारून घ्या. एक, डिस्क सीएमआर पद्धतीची हवी, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली. एसएमआर पद्धतीत ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळं आधीच्या जागेवर पुन्हा लिहायला वेळ लागतो, आणि डिटीपीच्या कामात तीच फाइल दिवसभर पुन्हा-पुन्हा सेव्ह होत असते. दुसरं, सेक्टरच्या बाबतीत ‘५१२ई’ चालते, ‘४केएन’ चालत नाही. ४केएन डिस्कशी विंडोज ८ आणि त्यापुढचीच बोलतात. घरगुती डिस्क बहुतेक ५१२ई असतात, पण सर्व्हरची डिस्क स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर लेबल वाचा.

एसएसडी घ्यावी का, असं मुलगा विचारेलच. चालेल, मशीन पळेलही. फक्त एक्सपी एसएसडीला ‘ही जागा आता रिकामी झाली’ असं कळवत नाही, तेव्हा पंधरा-वीस टक्के जागा पार्टिशन न करता मोकळी सोडा.

५१२ई म्हणजे काय, हे थोडं सांगतो, कारण ‘नवी डिस्क टाकली आणि मशीन आणखी स्लो झालं’ ही तक्रार इथूनच येते. २०११ च्या सुमारास डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी आतले सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे केले. बाहेर मात्र जुन्या मशीनसाठी ५१२ चंच सोंग घेतलं. म्हणजे आतला एक सेक्टर बाहेरून आठ दिसतो. एक्सपी पहिलं पार्टिशन सुरू करतं ६३ व्या सेक्टरपासून, जुन्या डिस्कच्या एका ट्रॅकवर तेवढे सेक्टर मानले जायचे म्हणून. ६३ ला आठनं भाग जात नाही. परिणामी एक्सपीचा प्रत्येक चार केबीचा तुकडा आतल्या दोन सेक्टरांत विभागून पडतो. तो लिहायचा तर डिस्कला आधी दोन्ही सेक्टर वाचावे लागतात, त्यात बदल करावा लागतो आणि पुन्हा दोन्ही लिहावे लागतात. वाचताना फारसं जाणवत नाही, सेव्ह करताना जाणवतं. विंडोज व्हिस्टा आणि त्यापुढची पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतात, तिथं हा प्रश्न येत नाही.

तुमच्या जुन्या डिस्कची प्रत नव्या डिस्कवर उतरवली की ती ६३ ची खोडसुद्धा बरोबर येणार. म्हणून प्रत उतरवल्यावर त्याच सिस्टिमरेस्क्यूमधलं जीपार्टेड उघडा, पार्टिशन निवडा, ‘मूव्ह’ करताना अलाइनमेंट ‘एमआयबी’ ठेवा आणि सुरुवातीला १ एमबी जागा सोडा. त्याच वेळी पार्टिशन वाढवूनही घेता येतं. यानंतर एक्सपी सुरू झालं नाही, तर एक्सपीची सीडी घालून रिकव्हरी कन्सोलमधून ‘फिक्सबूट’ आणि ‘फिक्सएमबीआर’ या दोन कमांड द्यायच्या. एक्सपी नव्यानं टाकायच्या भानगडीत पडू नका. तुमचा डोंगलचा ड्रायव्हर, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरच्या सेटिंग हे सगळं पुन्हा जमवायचं म्हणजे दिवाळीपर्यंतचं काम.

आणि हे जरूर पाळा: नव्या डिस्कवरून एक्सपी पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क मशीनला जोडलेली नको. एक्सपी डिस्कला ओळखतं ते तिच्यावरच्या एका सहीवरून. प्रतीवर तीच सही असते. दोन्ही एकदम दिसल्या की सी आणि डी यांची अदलाबदल होते, आणि मग लॉगिनच्या निळ्या पडद्यावरून गाडी पुढं जात नाही. पहिल्यांदा एकटी नवी, ती नीट सुरू झाली, पेजमेकर उघडलं, डोंगल ओळखला गेला, एक पत्रिका प्रिंट झाली, की झालं. डोंगल काढता-लावताना मशीन बंद ठेवा, त्या लांबट पोर्टला, म्हणजे पॅरलल पोर्टला, चालू मशीनवर हात लावायची पद्धत नाही.

दुकानात आलेल्या निळ्या स्क्रीनचं कारण साधं आहे. त्या स्क्रीनवर शेवटी ७बी असं काहीतरी लिहिलेलं असणार. एक्सपी स्वतःच्या मशीनच्या डिस्क-कंट्रोलरचाच ड्रायव्हर घेऊन उठतं. दुकानातलं मशीन नंतरच्या काळातलं असेल तर त्याचा बायोस डिस्कशी बोलायच्या ‘एएचसीआय’ या नव्या पद्धतीवर असतो, आणि २००१ च्या एक्सपीला ती भाषा मुळात येतच नाही. बायोसमध्ये साटा मोड ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबल’ केला असता तर कदाचित सुरू झालं असतं. पण तुम्हाला ते करायची गरज नाही, तुमचं मशीन आहे तसंच ठेवायचंय. फक्त बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, एवढ्या वर्षांत बदलला नसेल तर आता बदला. तो संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, तारीख मागं जाते, आणि काही मशीनमध्ये साटा मोडही बदलतो. मग एका सकाळी अचानक तोच निळा स्क्रीन तुमच्या छापखान्यात येतो आणि बिचाऱ्या नव्या डिस्कवर आळ येतो.

दुसऱ्या वाचकांसाठी एक ओळ: एक्सपीची सीडी २००१ ची, सर्व्हिस पॅक नसलेली असेल, तर ती कुठलीही डिस्क १२८ जीबीच्या आसपासच बघते. तुमच्याकडं सर्व्हिस पॅक ३ असेल तर हा मुद्दा तुमचा नाही.

नवा कॉम्प्युटर घ्या, हा सल्ला द्यायला सोपा आहे. नव्या बोर्डावर पॅरलल पोर्ट सहसा नसतो, आणि यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर प्रिंटरसाठी असते, डोंगल त्यावर सहसा चालत नाही. पेजमेकरची विक्री बंद होऊन कैक वर्षं झाली. तुमच्या जुन्या फाइली युनिकोडच्या नाहीत. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तेव्हा नवा कॉम्प्युटर कधीतरी घ्यावा लागेलच, पण या मशीनच्या शेजारी.

म्हणूनच साठ्याबद्दल आग्रह धरतो. ४ टीबीवर नुसत्या पेजमेकरच्या फाइली टाकू नका. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये त्या वर्षी वापरलेले फॉन्टसुद्धा ठेवा, आणि महत्त्वाच्या कामाची पीडीएफ काढून तिथंच ठेवा. अहवाल आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांची पावतीपुस्तकं आधी, पत्रिका नंतर. अमुकच्या थोरल्या मुलीची पत्रिका काढून द्या, नावं बदलून धाकटीची करू, असं म्हणत येणारे लोक असतात हे मला माहीत आहे, पण त्यांचं पीडीएफवर भागतं. कुणाकडं जुनं इनडिझाइन, सीएस६ किंवा त्याआधीचं असेल, तर ते पेजमेकर ७ ची फाइल उघडतं. पुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत.

एक्सपीवरून लॅपटॉपवर फाइली न्यायच्या कशा? नेटवर्कनं जमणार नाही. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीनं फोल्डर शेअर करतं ती विंडोज १० नं सुरक्षेसाठी बंद करून ठेवलीय, आणि ती पुन्हा चालू करायला मी सांगणार नाही. २०१४ च्या एप्रिलपासून एक्सपीला सुरक्षेचे अपडेट बंद आहेत, त्यामुळं त्या मशीनची इंटरनेटची वायर काढूनच टाका. पेनड्राइव्ह वापरा. मात्र ६४ जीबी आणि त्यावरचे पेनड्राइव्ह दुकानातून पुष्कळदा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. असे पेनड्राइव्ह मूळ एक्सपीला कळत नाहीत आणि एक्सपी निरागसपणे विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट झालेली नाही, करू का?’ पेनड्राइव्हवर काही असताना तिथं ‘हो’ म्हणू नका. ३२ जीबीचा फॅट३२ पेनड्राइव्ह त्या मशीनसाठी वेगळा ठेवा.

राहिली ४ टीबीची जागा, म्हणजे ती ठेवायची कुठं. छापखान्यात नको. खणभाग असो की गणपती पेठ, तळमजल्यावरच्या दुकानदाराला ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर सांगायची गरज नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. माणसं मशीन उचलून माळ्यावर ठेवतात, टेबलाच्या खणातली डिस्क विसरतात. विश्रामबागला किंवा मिरजेत नातेवाइकांकडं कपाटात एक प्रत असू द्या. म्हणजे पुढं कधीतरी दुसरी तेवढीच डिस्क लागेल, एक चालू कामाला आणि एक बाहेरगावी, महिन्यातून एकदा अदलाबदल. पैसे आत्ता नसतील तर निदान अहवाल आणि फॉन्ट मोठ्या पेनड्राइव्हवर काढून पाठवा. तेवढा डेटा फार नसतो.

टकटक करणारी ८० ची डिस्कसुद्धा लगेच फेकू नका. तिच्यावर तारीख आणि ‘मूळ डिस्क, वापरू नये’ असं लिहून बाजूला ठेवा. प्रतीतल्या एखाद्या वर्षाच्या फाइली उघडत नाहीत असं सहा महिन्यांनी लक्षात आलं, तर लॅबला द्यायला तीच लागेल. आणि डीडीरेस्क्यूनं शेवटी किती जागा वाचता आल्या नाहीत असा जो आकडा दाखवला असेल, तो लिहून मला कळवा. त्यावरून कुठल्या फाइली तपासायच्या ते सांगता येईल.